मंडळीला भाचरं नसतात

१४ नोव्हेंबर

मावशी यांस,

वर नमस्कार लिहिलेला नाही. तो विसरून राहिलेला नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. मी तुमच्या ताईची मुलगी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी भिंतीला धरून चालत होते, असं आई एकदा म्हणाली होती. तुमच्याविषयी ती जे थोडंफार बोलली, त्यातलंच हे एक.

तुमचा पत्ता मला एका कवळीमुळे मिळाला. आमच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंच्या वडिलांनी नवे दात करून घेतले. डबीवर कार्यशाळेचा पत्ता होता आणि खाली दात करणाऱ्या बाईंचं नाव. आडनाव आजोबांचं. मी ती डबी इतका वेळ हातात धरून बसले की टायपिस्टबाई म्हणाल्या, "आवडली असेल तर ठेव बाई, पण आत आमच्या अण्णांचे दात आहेत."

मी बायबलच्या भाषांतराच्या ऑफिसात काम करते. नवं भाषांतर चाललं आहे, रोजच्या बोलण्यातल्या मराठीत. मुख्य भाषांतरकार मूळ ग्रीकवरून मजकूर तयार करतात आणि मी तो शब्दाशब्दाला मुळाशी ताडून पाहते. ग्रीक मला आजोबांनी घरीच तोंडी शिकवलं, वाचायला आईनं. शाळेत मी फार उशिरा गेले.

सध्या माझ्या टेबलावर योहानाचं दुसरं पत्र आहे. अगदी छोटं, त्या काळच्या एका पानावर मावलं असेल एवढंच. स्वतःला 'वडील', म्हणजे ज्येष्ठ, म्हणवणारा कुणीतरी एका 'निवडलेल्या बाईला आणि तिच्या मुलांना' लिहितो. ना त्याचं नाव कळतं, ना तिचं. त्यात तो बजावतो, की जो ही शिकवण घेऊन येत नाही त्याला घरात घेऊ नका, त्याला नमस्कारही करू नका. जो करील तो त्याच्या वाइटात भागीदार होईल.

आजोबांनी हेच वचन तुम्हाला दारात ऐकवलं होतं, एवढं मला माहीत आहे. इथे ज्याला मी नमस्कार म्हणते तो मूळ शब्द म्हणजे 'आनंदात राहा'. माणसं भेटली की तेव्हा असं म्हणत, आणि पत्राच्या सुरुवातीलाही हेच लिहीत. म्हणजे पत्राचा मायना त्यातच येतो. या वचनाचा नीट उलगडा होत नाही तोवर मायना लिहिणं मला बरोबर वाटत नाही. पत्र न लिहिणंही बरोबर वाटत नाही. हे विचित्र दिसतं ते मला कळतं.

कामासाठी विचारते आहे: त्या दिवशी नेमकं काय झालं? कोण काय म्हणालं? शक्य तर शब्द जसेच्या तसे हवेत.

तुमची,
भाची

*

२६ नोव्हेंबर

प्रिय भाचीस अनेक आशीर्वाद,

तुझा न लिहिलेला नमस्कार पोचला. मी तो न घेतलेला समजून ठेवून दिला आहे.

मावशीला अहो-जाहो करणारी भाची मी पहिल्यांदाच पाहिली. यापुढे 'तुम्ही' लिहिलंस तर पाकीट न फोडता परत करीन.

अण्णांचे दात बसले का नीट? खालची कवळी थोडी हलेल, त्यांचा जबडा फार झिजलाय. त्यांना म्हणावं, पहिले काही दिवस मोठ्यानं वर्तमानपत्र वाचा, म्हणजे जीभ सरावते. माझं काम असं: सकाळी प्लास्टरचे साचे, दुपारी मेणात दात लावायचे, संध्याकाळी घासून गुळगुळीत करायचे. समोर खिडकीत साच्यांची रांग असते, सगळे आ वासून. एवढी तोंडं समोर असून एकही बोलत नाही, म्हणून मला हा धंदा आवडतो.

त्या दिवसाचं काय सांगू? मी तेव्हा एका गटात जायला लागले होते. दुकानावरच्या खोलीत आम्ही जमायचो. येशू माणूस होता, फार थोर, पण माणूसच, असं तिथे म्हणत. मला ते पटलं आणि घरी जेवताना मी बोलून गेले. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. तिथून पुढचं तुला ठाऊक आहे. तो गट पुढे मोडला. आपल्यात थोर कोण यावरून भांडले, आणि येशू बाजूलाच राहिला.

आता तू सांग. 'कामासाठी विचारते आहे' हे वाक्य बघ कसं ताठ बसलंय. बाकी पत्रात तू स्वतःला दहादा दुरुस्त करतेस, तिथे एकदाही नाही. काय झालंय? ताई बरी आहे ना?

तुझी,
मावशी

*

७ डिसेंबर

प्रिय मावशी,

('प्रिय' लिहायला हरकत नाही असं मी ठरवलं. तो शब्द वचनात मना केलेला नाही.)

तू ओळखलंस. आई बरी नाही. हृदय थकलं आहे, आणि डॉक्टर म्हणतात त्यासोबत डोकंही. ही थंडी निभावली तरी पुढचं काही सांगत नाहीत. पण मी लिहिलं ते तेवढ्यासाठी नाही.

दुपारी, जेवण झाल्यावर, आईला दार वाजलेलं ऐकू येतं.

ती कॉटवरून उठते, भिंतीला धरून दारापर्यंत जाते आणि दाराला तोंड लावून उभी राहते. पहिल्यांदा मी विचारलं, "कोण आहे, आई?"

"ती आलीय."

"कोण ती? थांब, मी उघडते."

"हात लावू नकोस! नमस्कारसुद्धा करायचा नाही. केला की आपणही भागीदार." मग तिनं ते वचन पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता, आणि येऊन झोपली. ती झोपल्यावर मी दार उघडून पाहिलं. जिना रिकामा. शेजारणीनं वाळत टाकलेली पायपुसणी तेवढी कठड्यावर.

आता हे रोजचं झालं आहे. ज्या दुपारी मी ऑफिसात असते, त्या दुपारी शेजारीण येऊन बसते. ती म्हणते, "तुझी आई दाराशी इतकं गोड आवाजात काय गं म्हणते? अंगाई असते का?"

आणि आणखी एक, जे मी लिहावं की नाही ते मला कळत नाही. परवा आई गाढ झोपलेली असताना मला दार वाजल्यासारखं वाटलं. मी उठले नाही.

वचनाविषयी मला एक गोष्ट सापडली. हे पत्र लिहिलं गेलं ते ख्रिस्ताला खरंखुरं शरीर नव्हतं असं म्हणणाऱ्यांविरुद्ध. त्यांच्या मते तो नुसता दिसत होता, त्याला भूक नव्हती, घाम नव्हता, जखम नव्हती. तू तर उलट म्हणत होतीस. तो माणूसच होता, हाडामांसाचा. आजोबांनी वचन लावलं ते नेमक्या विरुद्ध बाजूच्या माणसाला! शिवाय तेव्हा प्रार्थनेची वेगळी इमारत नव्हती, सगळे कुणाच्या तरी घरी जमत. त्यामुळे 'घरात घेऊ नका' याचा अर्थ 'सभेत शिकवायला उभं करू नका' एवढाच असू शकेल. घरच्या मुलीला दाराबाहेर ठेवा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

तू यावंस असं मला वाटतं. पण आई तुला दार उघडेल का, ते मला सांगता येत नाही. तू पुन्हा त्याच दाराबाहेर उभी राहिलीस, तर या खेपेला ते माझ्यामुळे असेल.

तुझी,
भाची

*

१९ डिसेंबर

प्रिय भाचीस आशीर्वाद,

म्हणजे मला चुकीच्या कलमाखाली घराबाहेर काढलं. वा. बरं वाटलं.

पण मला एक सांग. मी खरंच त्या दुसऱ्या बाजूची असते, त्याला शरीर नव्हतंच असं म्हणणारी, तर मग कडी लावणं बरोबर झालं असतं का? तुझं उत्तर मला नको. तुला झोप लागत नसेल तेव्हा स्वतःला दे.

आता नीट वाच. तू शब्द जसेच्या तसे मागितले होतेस. मी टाळत होते.

मी दार वाजवलंच नव्हतं.

मी बाहेरून आले. कडी आतून लावलेली होती, एरवी दिवसाची ती कधी लावत नसत. मी वाजवायला हात उचलला आणि आतून वाचल्याचा आवाज आला. मी तशीच थांबले. बाबांचा आवाज नव्हता. त्यांची नजर तेव्हाच गेली होती, त्यांना कुठलं वाचता यायला? आवाज ताईचा होता. दाराला अगदी लागून. स्वच्छ, स्पष्ट, कुठेही न अडखळता. घरात सगळ्यांत चांगलं तीच वाचायची. तिनं शेवटचा शब्द म्हटला आणि मी हात खाली घेतला. बस, एवढंच.

त्यामुळे तिला काय ऐकू येतं, ते मला माहीत नाही. मी तरी नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुणाच्या दाराशी गेले की मी वाजवत नाही, नुसती उभी राहते. कधी ना कधी कुणी उघडतंच. इथल्या दातांच्या डॉक्टरीणबाई दोनदा किंचाळल्यात.

मी येणार नाही. ताईला जप. तिला खोकला झाला तर छातीला शेक दे, औषधानं तिचं पोट बिघडतं.

मावशी

*

१० जानेवारी

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार.

उलगडा झाला म्हणून लिहिलेला नाही. उलगडा झालेला नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःला देता देता महिना जवळजवळ निघून गेला, आणि शेवटी इतकंच हाताशी आलं की उत्तर मिळेपर्यंत वाट पाहिली तर मी तुला आयुष्यात कधी नमस्कार करणार नाही.

वाचणारी आई होती हे मला माहीत नव्हतं. मी समजत आले की ती आजोबांच्या मागे कुठेतरी रडत उभी असेल. आठ दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. मग तिचे केस विंचरताना विचारलं, "आई, त्या दिवशी तू वाचलंस?"

ती म्हणाली, "कुणीतरी वाचायला हवं होतं." थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा म्हणाले, अडखळू नकोस, नाहीतर तिला वाटेल आपल्या मनात नाही." आणि मग, "गुंता राहिलाय गं, जरा हळू."

योहानाचं तिसरं पत्र मी आता वाचते आहे. ते दुसऱ्याच्या लगेच पुढे आहे, आणि बहुधा त्याच वडिलांचं. त्यात ते रडकुंडीला आलेले दिसतात. कुठल्याशा गावी पुढेपुढे करणारा एक माणूस आहे, तो यांच्या लोकांना दारात उभं करत नाही, आणि जे घरात घेऊ पाहतात त्यांनाच बाहेर काढतो. मावशी, ज्यांनी 'घरात घेऊ नका' असं लिहिलं, त्यांच्याच माणसांना कुणीतरी घरात घेतलं नाही! कोणतं पत्र आधीचं ते खात्रीनं कुणाला सांगता येत नाही. मी दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवते आणि पाहत बसते. आजोबांनी हे तिसरं पत्र मला कधी पाठ करायला दिलं नाही.

आता ऑफिसातलं सांगते. दुसऱ्या पत्राच्या शेवटी वडील त्या बाईला कळवतात, की तुझ्या निवडलेल्या बहिणीची मुलं तुला नमस्कार सांगतात. इतक्या लांब शब्दांची गरज काय, असं वाटून मी कच्च्या मजकुरात सुचवलं: 'तुझी भाचरं तुला नमस्कार सांगतात.' आमचे मुख्य भाषांतरकार बोलताना भलत्याच जागी थांबतात. टायपिस्टबाई त्यांना मागे 'स्वल्पविराम' म्हणतात. त्यांनी मला बोलावलं.

"हे काय, भाचरं?"

"बहिणीची मुलं म्हणजे भाचरंच ना, सर?"

"इथे बाई म्हणजे, मंडळी. विश्वास ठेवणाऱ्यांची, सभा. तिची बहीण म्हणजे, दुसऱ्या गावची मंडळी. आणि मंडळीला, भाचरं नसतात."

टायपिस्टबाई मशीनवरून म्हणाल्या, "असतात की. सगळी नेमकी जेवायच्या वेळेला येतात."

सर हसले, पण शब्द काढायला लावला. ते बरोबर असतील. पुष्कळ अभ्यासक तसंच मानतात, आणि माझ्याकडे त्यांना खोडून काढायला काही नाही. मी तो शब्द खोडला. पण ती बाई खरी असली तर? तिच्या बहिणीची मुलं कुठेतरी राहत होती, आणि त्यांना आपल्या मावशीला नमस्कार पाठवायचा होता, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ दुसऱ्याच्या पत्राच्या शेवटी उरलेली एवढीशी जागा होती.

भाषांतरात तो शब्द येणार नाही. म्हणून इथे लिहिते. तुझी भाची तुला नमस्कार सांगते.

आई आता पायऱ्या उतरू शकत नाही. दार अजून वाजतं.

*

२१ जानेवारी

प्रिय भाची,

मंडळीला नसतील. मला आहे.

येत्या रविवारी येते. दुपारी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस, मला रस्ता माहीत आहे. ताईनं उघडलं नाही तर मी पायरीवर बसून डबा खाईन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. तू त्यावरून स्वतःला बोल लावत बसायचं नाही, हे आताच कबूल कर.

पुष्कळ लिहायचं आहे, पण कागदावर नको. तुझ्या त्या वडिलांनीही असंच म्हटलंय ना कुठेतरी, येऊन तोंडोतोंड बोलू म्हणून? तोंडं हा तर माझा धंदाच आहे.

मावशी

*

१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. आता लिहिते. पुष्कळसं तुझ्यासमोर घडलं, तरी ओळीनं लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही. शिवाय त्यातला मधला भाग तुला माहीत नाही. तू तेव्हा दाराबाहेर होतीस.

तू वाजवलं नाहीसच. मी खिडकीतून वाट पाहत होते म्हणून कळलं. मी दार उघडलं तेव्हा मला वाटलं होतं, आई ओरडेल, किंवा तुझ्या गळ्यात पडेल. या दोन्हींची मी तयारी केली होती. ती म्हणेल, "या, बसा. या कोण गं?" याची केली नव्हती. मी गडबडून म्हणाले, "या दातांचं काम करतात." आणि आईनं लगेच आ करून तुला दाढ दाखवली. तू खिडकीजवळ नेऊन ती पाहिलीस, "ही काढावी लागणार, ताई," म्हणालीस, आणि 'ताई' ऐकूनही तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

मग तिनं बोट वर केलं. "ऐकलंत? दार वाजतंय."

तू विचारलंस, "कोण आलंय?"

"माझी बहीण. पण उघडता येत नाही."

तू समोर बसली होतीस. तिच्या गुडघ्याला तुझा गुडघा लागत होता. तू उठलीस, चपला घातल्यास, बाहेर गेलीस आणि दार ओढून घेतलंस. मी कडी लावली. का लावली ते सांगता येत नाही, पण ती लावायला हवी हे मला त्या क्षणी कळलं. आणि मग तू वाजवलंस.

आई दचकली. रोज ती जो आवाज ऐकते त्यानं ती कधी दचकत नाही. माझ्या हाताला धरून ती दारापाशी आली, दाराला तोंड लावलं आणि सुरू केलं. "जो ही शिकवण घेऊन येत नाही..." आणि थांबली. पुढचं तिला आठवेना. तिनं ओठ हलवले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पाठ म्हणताना मी अडले की तिच्याकडे पाहायचे, तसं. तिनं मला एकदाही तसं लटकत ठेवलं नव्हतं. आमच्या घरात अडलेल्याला पुढचा शब्द देणं हे भुकेल्याला भाकरी देण्यासारखं होतं. पुढचा शब्द मला येतो. मराठीत येतो, ग्रीकमध्ये येतो. तो माझ्या जिभेवर होता.

मी दिला नाही.

ती माझ्याकडे पाहत राहिली. तू दुसऱ्यांदा वाजवलंस. तेव्हा तिनं, दुसरं काही सुचत नाही म्हणून करावं तसं, कडी काढली.

पुढचं तू पाहिलंस. तिनं तुझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे पाहिलं, "ये," म्हणाली, आणि अंग चोरून वाट दिली. कुणीतरी आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती तशीच उभी होती. मग तुला म्हणाली, "तुम्हीही या ना. उभ्या का?" तू हसलीस की रडलीस ते मला माहीत नाही. मी फरशीकडे पाहत होते.

तू गेल्यापासून दार वाजलेलं नाही. आईला नाही आणि मलाही नाही. आई आता बोलते. दुपारी कॉटवर पाय वर घेऊन समोरच्या खुर्चीशी बोलते. डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, जेवते ना, झोपते ना, मग बोलू दे. ती खरोखरच नीट जेवते. हसतेसुद्धा. आईला हसताना दात दिसतात, हे मला ठाऊक नव्हतं. परवा मी त्या खुर्चीवर बसले होते तर म्हणाली, "ऊठ गं, तिला बसू दे." मी उठले. मी, एकेक शब्द मुळाशी ताडून पाहणारी, रिकाम्या खुर्चीसाठी उठले, आणि हे खोटं वागणं आहे का याचा विचार करत स्वयंपाकघरात उभी राहिले. तिथून मला ऐकू आलं.

आई विचारत होती, "मी फार स्वच्छ वाचलं ना गं त्या दिवशी?"

मग बराच वेळ ती ऐकत होती. मध्येच तिनं मान हलवली, डोळे पुसले, आणखी ऐकलं. तिला काय उत्तर मिळालं ते मला ऐकू आलं नाही. पण प्रश्न तुला होता, म्हणून तो तुझ्यापर्यंत पोचवणं माझं काम आहे.

इकडे तू खुशाल आहेस. आईजवळ असतेस, तिची काळजी घेतेस. तिकडे कशी आहेस, ते कळव.

तुझी,
भाची